खनिज बाह्य उष्णतारोधन (जर्मनीतील जुनी घरे)

घराच्या भिंतींना बाहेरून न जळणाऱ्या खनिज द्रव्याचा उष्णतारोधक थर देऊन त्यावर गिलावा करण्याची पद्धत. दगडी लोकर, काचेची लोकर (दगड किंवा काच वितळवून काढलेले तंतू), खनिज फेसाच्या लाद्या आणि उष्णतारोधक गिलावा ही त्यासाठीची मुख्य द्रव्ये. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. याच कामासाठी वापरले जाणारे थर्मोकोल तिथेही स्वस्त मिळते आणि खपतेही भरपूर. त्यामुळे जुने घर घेणाऱ्याला, त्यात आता तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आली, दोन्हींमधून निवड करावी लागते. ही निवड दरपत्रक पाहून नव्हे, भिंत पाहून करायची असते.

पहिल्या महायुद्धापूर्वीच्या जर्मन घरांत दीड विटेची, सुमारे ३८ सेंमी जाडीची भरीव भिंत सर्रास आढळते. तिचे यू-मूल्य, म्हणजे एका चौरस मीटरमधून दर अंश फरकामागे बाहेर जाणारी उष्णता, साधारण १.५ वॉट असते. बाहेर उणे ५ आणि घरात २० अंश असताना अशा भिंतीची आतली बाजू १५ अंशांच्या आसपास राहते. कोपऱ्यात आणि कपाटामागे ती आणखी थंड पडते आणि काळी बुरशी धरते ती तिथेच. बाहेरून १६ सेंमी लोकर चढवली की तीच बाजू १९ अंशांच्या वर जाते. शिवाय अख्खी भिंतच उबदार झाल्याने तिच्यात रुतलेली लाकडी तुळयांची टोके कोरडी राहतात. आतून रोधन केले तर नेमकी हीच टोके थंडीत आणि ओलीत सापडतात.

दगडी लोकर बेसॉल्ट, डायाबेस असे खडक सुमारे १,५०० अंशांना वितळवून तयार करतात. सह्याद्री ज्या खडकाचा बनला आहे तोच हा बेसॉल्ट. खनिज फेसाची लादी वाळू, चुना, सिमेंट व पाणी यांच्या फेसाळ मिश्रणाची असते आणि ती दाबाखालच्या वाफेत पक्की केली जाते. ती साध्या हातकरवतीने कापता येते, पण ठिसूळ असल्याने तिच्या कडा हाताळताना तुटतात. लोकरीचा उष्णतावहनांक (तो जितका कमी तितके रोधन चांगले) ०.०३५ च्या आसपास, फेसलादीचा ०.०४२ ते ०.०४५. हा फरक कागदावर किरकोळ दिसला तरी भिंतीवर जाणवतो. २०२० पासून लागू असलेल्या इमारत ऊर्जा कायद्यानुसार बाह्य भिंतीच्या दहा टक्क्यांहून अधिक भागाचे काम काढले, तर यू-मूल्य ०.२४ किंवा त्याखाली आणावे लागते. सरकारी अनुदान हवे असेल तर ०.२०. वर सांगितलेल्या ३८ सेंमीच्या भिंतीला १६ सेंमी लोकर लावली की ०.१९ येते, तितक्याच जाडीच्या फेसलादीने ०.२२ ते ०.२४ वर थांबते. म्हणजे अनुदानासाठी फेसलादी २० सेंमीची घ्यावी लागते. ही वाढीव जाडी वळचणीखाली मावते का, शेजाऱ्याच्या हद्दीत जाते का, हे आधी मोजून घ्यावे.

खनिज द्रव्यांच्या बाजूने हमखास सांगितले जाते की भिंतीने ‘श्वास’ घेतला पाहिजे. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटनकोफर यांनी १९व्या शतकात भिंतींतून हवा खेळते असे मांडले होते. पुढे ते मोजमापांत टिकले नाही. गिलावा केलेल्या भिंतीतून हवा जात नाही, आणि बाष्प जाते तेही खिडकी उघडल्यावर जाणाऱ्या बाष्पापुढे नगण्य. खरा मुद्दा वेगळा आहे. जुन्या भिंतीत पावसाची, फुटक्या पन्हळीची किंवा जमिनीतून चढलेली ओल साठलेली असते आणि तिला बाहेर पडायला वाट हवी असते. लोकर बाष्पाला जवळजवळ हवेइतकीच वाट देते. थर्मोकोलचा अडथळा हवेच्या वीस ते शंभरपट असतो. तरीही जमिनीतून चढणारी ओल न थांबवता वर लोकर लावणे म्हणजे रोग झाकणे. आधी ओल बंद करावी, भिंत सुकू द्यावी, मगच परांची उभारावी. जोत्यापाशी पावसाचे शिंतोडे उडतात, म्हणून तिथे लोकर चालत नाही. पाणी न पिणारी फेस-काच (फुगवलेल्या काचेची लादी) लावतात.

आगीच्या बाबतीत मात्र खनिज द्रव्यांना तोड नाही. दगडी लोकर १,००० अंशांपर्यंत वितळत नाही; थर्मोकोल १०० अंशांच्या आसपासच आक्रसू लागते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. तिथल्या बाह्य आवरणाच्या पत्र्यांत पॉलिथिलीन होते आणि मागचे रोधनही जळणारे होते. जर्मनीत उंच इमारतींना न जळणारेच रोधन लागते. दुमजली घराला ती सक्ती नाही, पण दाटीवाटीच्या गल्लीत, लाकडी वाशांच्या छपराखाली झोपणाऱ्यांसाठी जास्तीचे पैसे इथे खर्च करावेत.

गिलाव्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. रोधन केलेल्या भिंतीतून उष्णता फारशी बाहेर येत नाही, त्यामुळे पातळ गिलावा रात्री हवेपेक्षाही थंड होतो, त्यावर दव धरते आणि उत्तरेची बाजू शेवाळाने हिरवी पडते. त्यावर उपाय म्हणून रंगात शेवाळनाशके मिसळतात. ती पावसाबरोबर धुपून जमिनीत उतरतात. चुना-सिमेंटचा जाड गिलावा दिवसाची ऊब धरून ठेवतो, दव शोषून पुन्हा सोडतो. त्यावर सिलिकेट रंग द्यावा. आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये पेटंट घेतलेला हा रंग गिलाव्याशी रासायनिक बंध करतो आणि त्याचे पोपडे सुटत नाहीत. जाड गिलाव्याचा आणखी एक उपयोग आहे: पातळ गिलाव्याची भिंत पोकळ वाजते आणि सुतारपक्षी तिला भोके पाडून घरटी करतात.

लोकरीची लादी जड असते. गोंदाबरोबर प्लास्टिकच्या खुंट्या भिंतीत ठोकाव्याच लागतात, आणि भिंत भुसभुशीत असेल तर खुंटी किती ओढ सोसते हे आधी तपासावे लागते. काम चालू असताना पावसात भिजलेली लोकर तशीच झाकून टाकणाऱ्या कंत्राटदाराला थांबवावे. खिडकीच्या चौकटीभोवती दोन-तीन सेंमी तरी रोधन वळवले नाही, तर बुरशी तिथे सरकते.

लाकडी सांगाड्याची घरे आणि नक्षीदार चुनेगच्चीचे दर्शनी भाग बाहेरून झाकू नयेत. अनेकदा वारसा संरक्षणामुळे ते करताही येत नाही. तिथे मागच्या अंगणाकडच्या भिंती बाहेरून आणि दर्शनी भिंत आतून, अशी वाटणी करतात. उत्तर जर्मनीत अनेक घरांत विटांच्या दोन भिंतींमध्ये काही सेंमी पोकळी सोडलेली असते. विटांच्या सांध्यातून बारीक भोके पाडून तिच्यात दगडी लोकरीचे पुंजके किंवा परलाइटचे (फुगवलेल्या ज्वालामुखी खडकाचे) दाणे फुंकतात. यू-मूल्य ०.५ च्या आसपासच येते, पण परांची जवळपास लागत नाही, घराचा चेहरा तसाच राहतो आणि खर्च कितीतरी कमी. फुंकण्याआधी भोकातून कॅमेरा घालून पोकळी पाहतात: बांधताना आत पडलेला मसाल्याचा ढीग दोन्ही भिंतींना चिकटून बसला असेल, तर बाहेरची ओल त्यावरूनच आत येते.