कमी बनली म्हणून गाडी महाग होत नाही

चवथीला घर भरलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "सॅन स्टॉर्म ही छोटी स्पोर्ट्स कार गोव्यात बनली, मोजक्याच निघाल्या. मिळाली तर घेऊन ठेव, पुढे सोन्याचा भाव येईल." फोंड्यापासून म्हापशापर्यंत हे ऐकलंय. यावर विसंबून पैसे गुंतवू नका.

जग्वार एक्सजे२२० या स्पोर्ट्स कारचं उदाहरण घ्या. ३००हूनही कमी बनल्या, पण नव्वदीच्या मंदीत गिऱ्हाईक पळालं आणि पुढं कित्येक वर्षं ती मूळ किमतीच्या खाली विकली जात होती. उलट फेरारी एफ४० १,३००च्या वर बनल्या, तरी आज जग्वारच्या कित्येक पट महाग. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत आलेली ती शेवटची नवी फेरारी. भिंतीवर तिचं पोस्टर लावणारी पोरं मोठी झाली, कमावती झाली, आणि भाव चढला. मॅक्लारेन एफ१ तर १०६च बनल्या, पण तिच्यामागे १९९५ची ल माँ ही फ्रान्समधली २४ तासांची शर्यत जिंकल्याचा इतिहास आहे. २०२१मध्ये एक २ कोटी डॉलरहून जास्त किमतीला गेली.

म्हणजे भाव चढतो तो मागणीमुळे.

स्टॉर्मवर माझं मनापासून प्रेम आहे. दोन सीट, फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं १.२ लिटर इंजिन. पण बॉडी गंजत नाही म्हणून फसू नका, खालचं लोखंड आपल्या खाऱ्या हवेत गंजतंच. चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नीट तपासा, आरसी आणि सुटे भाग आधी बघा. चालवायची हौस असेल तर जरूर घ्या.