रेघेकडून थराकडे: गायतोंडे यांच्या अमूर्त चित्रांची पार्श्वभूमी

विदर्भातल्या गावच्या शाळेत चित्रकलेशी पहिली नीट ओळख होते ती बहुधा इलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीतून. कंपास, पट्टी, कर्तव्यभूमिती म्हणजे मोजून काढायच्या भौमितिक आकृत्या. वासुदेव गायतोंडे यांचं काम या मुलांना दाखवायचं तर सुरुवात तिथूनच करावी.

गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, १९२४ चा. १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा, पुढे मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाशी संबंध. तेव्हाच्या चित्रांवर स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले यांची छाप स्पष्ट आहे: सपाट रंगाचे तुकडे, त्यांना बांधणारी बारीक रेघ, मधूनच मानवाकृती. पन्नासचं दशक सरता सरता आकृती गेली, रेघही विरली. १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला गेले. साठच्या दशकात ब्रश मागे पडून रोलर आणि पॅलेट नाइफ (रंगाची पातळ सुरी) पुढे आले आणि १९६८ च्या सुमारास त्यांनी उभ्या आकाराचा कॅनव्हास धरला. इथे भूमिती सुटली असं सर्रास म्हटलं जातं, ते पटत नाही. रेघेतला काटेकोरपणा थरांत गेला, एवढंच. म्हणून तर त्यांची चित्रं वर्षाला मोजकीच होत.

वर्गात हे करून पाहता येतं. काचेवर तैलरंग पातळ पसरून कडक रबरी रोलरला लावा; रंग जास्त झाला की रोलर फिरायचा सोडून घसरतो. स्पंजच्या रोलरने बुडबुडे उठतात. ओल्या थरावर वर्तमानपत्राचा फाडलेला तुकडा दाबून उचला: कागद रंग टिपतो, खालचा थर डोकावतो. रंग चिकट होईपर्यंत थांबलात तर कागदाचे तंतूच चित्राला बसतात.

पहिल्या थरात रंग पातळ करणारं टर्पेंटाइन जास्त, वरच्या प्रत्येक थरात जवसाचं तेल थोडं वाढतं. उलट केलं तर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतरही हलत राहतो आणि भेगा पडतात. जवस आपल्याकडचंच पीक, पण घाण्याचं ताजं तेल लगेच वापरू नये. त्यातल्या चिकट गाळाने रंग उशिरा सुकतो, पुढे काळवंडतो. चित्रासाठी शुद्ध केलेलंच घ्यावं. मे महिन्यात पत्र्याखाली जाड थरावर साय धरते आणि सुरकुत्या पडतात, म्हणून थर पातळच हवा. सुकेपर्यंत चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवावं, नाहीतर उन्हाळी वाऱ्याची धूळ त्यात कायमची बसते.