पोटातल्या जंताची छातीतून जाणारी वाट

यंदा १० फेब्रुवारीला, जंतनाशक दिनी, साताऱ्याजवळच्या एका गावातल्या अंगणवाडीत गेलो होतो. मुलं ओळीने बसून अल्बेंडाझोलची गोळी चावत होती. दारात उभ्या असलेल्या एक आजी नातवाकडे बोट दाखवून ताईंना म्हणाल्या, "ह्याला जरा समजावा. कंदी पेढ्याचा पुडा दिसला की संपवतोय, मग जंत न्हाईत व्हायचे तर काय!" ताईंनी मान डोलावली. लहानपणी मीही हेच ऐकलं. गूळ खाल्ला की जंत, साखर खाल्ली की जंत. गोडाने दात किडतात हे खरं, पण जंत होत नाहीत. का होत नाहीत, हे कळलं की हा प्राणी किती अचाट आहे तेही कळतं.

मी बोलतोय तो मोठा गोल जंत, गांडुळासारखा दिसणारा. शास्त्रीय नाव ॲस्कॅरिस. मादी २० ते ३५ सेंटिमीटर लांब, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षाही मोठी. ती दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. पण त्यातलं एकही त्या पोटात उबत नाही. अंडं शौचावाटे बाहेर पडून मातीत जावं लागतं आणि ऊब, ओल नि सावली मिळाली तर दोन-चार आठवड्यांत त्याच्या आत अळी तयार होते. त्याआधी ते गिळलं तरी काही होत नाही. म्हणजे एखाद्या मुलाच्या पोटात दहा जंत असतील, तर निदान दहा वेगवेगळी अंडी कधी ना कधी त्याच्या तोंडातून आत गेलेली असतात. पेढ्याने दहाचे अकरा होत नाहीत. (रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे सुतासारखे पांढरे जंत वेगळे. त्यांची अंडी नखांतून थेट पुन्हा तोंडात जातात.)

अंड्याचं कवच फार चिवट असतं. प्रयोगशाळेत ही अंडी सौम्य फॉर्मॅलिनमध्ये ठेवून वाढवतात. ज्या द्रावणात आपण मेलेले प्राणी टिकवतो, त्यात ही जिवंत वाढतात! तेव्हा भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की झालं, असं समजू नका. कांद्याची पात घ्या. पानं जिथे एकमेकांतून फुटतात त्या बेचक्यात मातीची बारीक काळी रेघ अडकलेली असते. ती वाहत्या पाण्याखाली बोटाने चोळूनच काढावी लागते. मेथी शिजते, त्यामुळे तिची काळजी नाही. पात, कोथिंबीर, मुळा आपण कच्चा खातो.

आता माझा आवडता भाग. गिळलेलं अंडं लहान आतड्यात फुटतं आणि पाव मिलिमीटरची अळी बाहेर येते. मोठं होऊन तिला राहायचंय याच आतड्यात. मग तिने तिथेच थांबावं की नाही? ती थांबत नाही. आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतात जाते, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात. तिथल्या केशवाहिन्या इतक्या अरुंद की ती अडकते, मग त्या फोडून हवेच्या फुग्यांत उतरते. तिथे दहा ते चौदा दिवस वाढते. श्वासनलिकेच्या आतून बारीक केसांचं अस्तर असतं. धूळ नि कफ वर ढकलणं हे त्यांचं काम. तेच केस अळीलाही घशापर्यंत आणून सोडतात. मूल खोकतं, आवंढा गिळतं आणि अळी पुन्हा आतड्यात. जिथून निघाली तिथेच, पण आता कितीतरी पट मोठी. अंडं गिळल्यापासून नवी अंडी पडेपर्यंत दोन-तीन महिने जातात.

ही वाट कळायलाही धाडस लागलं. १९१६ मध्ये फ्रान्सिस स्ट्युअर्ट या डॉक्टरांना उंदरांच्या फुप्फुसात या अळ्या सापडल्या. माणसात काय होतं ते पाहायला १९२२ मध्ये जपानचे बालरोगतज्ज्ञ शिमेसु कोइनो यांनी स्वतः २००० अंडी गिळली. धाकट्या भावाला डुकराच्या जंताची ५०० अंडी दिली. कोइनोंना न्यूमोनियासारखा जोराचा आजार झाला आणि त्यांच्या थुंकीत अळ्या दिसल्या. माझ्या मते विज्ञानातल्या मोठ्या धाडसांत याची गणना व्हायला हवी.

एवढा वळसा कशासाठी? शरीरातून फिरून येणाऱ्या जातींची त्यांच्या आतड्यातच राहणाऱ्या भाऊबंदांशी तुलना केली, तर फिरणारे जंत आकाराने मोठे भरतात. मोठी मादी म्हणजे जास्त अंडी. प्रवासाचा खर्च असा वसूल होतो.

गोळी आतड्यातल्या मोठ्या जंतांच्या पेशींमधले बारीक नळीसारखे सांगाडे बांधू देत नाही. त्यांना साखर शोषता येत नाही आणि ते उपाशी मरतात. फुप्फुसात फिरणाऱ्या अळ्यांवर तिचा फारसा जोर चालत नाही आणि मातीतल्या अंड्यांपर्यंत ती पोहोचत नाही. म्हणून वरचेवर द्यावी लागते. मूल झोपेत दात खातं म्हणून मीठ-मोहरी ओवाळणं, किंवा मोबाइलवर दिसणारी 'पोटातली सगळी घाण काढणारी' महागडी चुर्णं घेणं, दोन्ही सोडा. गोळी अंगणवाडीत फुकट मिळते.

त्या दिवशी परतताना शेजारच्यांच्या गोठ्यात डोकावलो. रेडकू तीन आठवड्यांचं, पोट नगाऱ्यासारखं, केस राठ, मातकट रंगाची दुर्गंधी हगवण. "दूध जास्त पाजलं म्हणून जंत झाले," ते म्हणाले आणि त्यांनी दूध तोडलं होतं. इथे मात्र मी गडबडलो, कारण दुधाचा संबंध खरोखरच आहे! म्हशीच्या रेडकात जो टॉक्सोकॅरा जंत होतो, त्याच्या अळ्या म्हशीच्या अंगात महिनोन्महिने निपचित पडून असतात. ती व्यायला आली की त्या जाग्या होतात, कासेत उतरतात आणि दुधातून वासरात जातात. फुप्फुसाची फेरी आईच्या अंगात उरकलेली, त्यामुळे रेडकात त्या थेट आतड्यातच वाढतात. पण दूध जास्त झालं म्हणून नव्हे, आणि चीक तर तोडायचा नाहीच. म्हशीच्या वारेतून प्रतिपिंडं येत नाहीत, वासराला ती चिकातूनच मिळतात. उपाय आहे तो जनावरांच्या डॉक्टरांकडून दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या आत रेडकाला डोस देण्याचा, म्हणजे अंडी पडायच्या आत जंत मरतात.

त्यांनी दूध पुन्हा सुरू केलं आणि रेडकाला डोस आणला. दुसरी म्हैस परवा व्याली. गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी खडूने तारीख लिहिली आणि तिच्याखाली बारा दिवसांनंतरची दुसरी.