बॅटरी मागे नेताना: 'स्टार्टरच्या केबलला फ्यूज नको' हा गैरसमज

बॉनेटखालची बॅटरी मागे हौद्यात न्यायची तर जाड पॉझिटिव्ह केबल ओढा, निगेटिव्ह जवळच्या चॅसीला बोल्ट करा, फ्यूजची गरज नाही: हा सल्ला ऑफ-रोडवाल्यांत वर्षानुवर्षे फिरतोय. तो धोकादायक आहे.

आधी फ्यूज. ही केबल चॅसीलगत तीन-चार मीटर धावते. दगड, चिखल, हलणारं सस्पेन्शन यांनी इन्सुलेशन घासलं की थेट शॉर्ट, आणि बॅटरी क्षणात हजारभर अँपिअर सोडते. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरातच एएनएल फ्यूज (मोठ्या करंटसाठीचा बोल्टने बसणारा फ्यूज) बसवा. स्टार्टरचा करंट क्लॅम्प मीटरने (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारं उपकरण) मोजून रेटिंग ठरवा, सहसा 300 ते 500 अँपिअर. पत्र्यातून जाताना ग्रोमेट (भोकाच्या कडेचं रबरी कडं) हवाच.

आता अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परतण्याची वाट, जिथे बहुतेकांची फसगत होते. लॅडर फ्रेमच्या (शिडीसारख्या वेगळ्या चॅसीच्या) गाडीत इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, आणि रबरातून करंट जात नाही. बॅटरी मागे गेली की स्टार्टरचा सगळा परतीचा करंट इंजिन आणि चॅसीमधल्या बारीक पट्टीतून जातो. पट्टी तापते, स्टार्टर रडतो, लोक बॅटरी बदलतात! तिथे पॉझिटिव्हइतकीच जाड केबल टाका, बोल्टखालचा रंग खरवडून.

जाडी किती? 300 अँपिअरला 4 मीटर तांब्याच्या 25 चौरस मिमी केबलमध्ये सुमारे 0.8 व्होल्ट वाटेतच वाया जातात, 70 मध्ये 0.3. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम केबल स्वस्त मिळते, घेऊ नका.

बॅटरी केबिनमध्ये ठेवायची असेल तर सीलबंद एजीएमच (काचतंतूंच्या चटईत ॲसिड शोषलेली बॅटरी), तिची व्हेंट नळी बाहेर काढून.