जीवाला जपणं आणि जीवाचे लाड

गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक वहिनी म्हणाल्या, "बाई, तुम्हीच म्हणता ना जीवाले जपा? मंग मी त्या रक्ताच्या गोळ्या सोडून देल्या. मळमळ होते. कायले जीवाचे हाल करू?"

त्यांचं हिमोग्लोबिन आठ होतं. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. बैठकीतल्या निम्म्या जणींनी वहिनींच्या बोलण्यावर मान हलवली. मला त्या रात्री झोप लागली नाही. 'जीवाला जपा' हे मीच सांगत आले होते आणि त्याचा अर्थ गोळ्या सोडा असा पोहोचला होता.

जपणं आणि लाड यांची गल्लत होते, कारण दोन्हींची सुरुवात एकाच वाक्यानं होते: 'मला त्रास होतोय.' पुढे वाटा फुटतात. लाड करणारी तिथेच थांबते. जपणारी त्या त्रासाचं काय करता येईल ते बघते.

गोळीचंच घ्या. मळमळ खरी असते, तिला नखरे म्हणू नये. लोहाच्या गोळीनं कधी कधी पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं. काळं पाहून घाबरलेल्या आणि गोळ्या सोडलेल्या किती तरी जणी मी पाहिल्यात. हे गोळीमुळे होतं, एवढं साधं त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. अशा वेळी जीवाला जपणं म्हणजे गोळी रात्री जेवण झाल्यावर घेणं, तिच्या मागेपुढे तासभर तरी चहा न पिणं, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. ताटात लिंबाची फोड ठेवावी, आंबटानं लोह चांगलं शोषलं जातं. एवढं करूनही सोसत नसेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरला सांगून दुसरा उपाय विचारावा. गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल तर सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करून घ्यावी. गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत हा आजार आपल्याकडे घरोघर ऐकायला मिळतो, आणि त्यात आपल्या मनानं लोहाच्या गोळ्या वाढवत राहणं बरोबर नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी आठवा. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसतं त्याला तूप-हळद चोळायची, शेकायचं, आणि बैलाला म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." याला गावात कुणी लाड म्हणत नाही. आणि तोच माणूस त्याच बैलाला शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये मोकळाही सोडत नाही. माया आणि दावं दोन्ही एकाच हातात असतात. हे आपल्याला बैलाच्या बाबतीत कळतं. स्वतःच्या खांद्याच्या बाबतीत मात्र बाई म्हणते, 'माझं काय, चालते.' दिवसभर वेचणी करून आल्यावर सगळ्यांना वाढून कढईत उरलेली तर्री भाकरीसोबत खाणारी बाई वाटीभर वरण स्वतःसाठी आधीच काढून ठेवत असेल, तर ते लाड नाहीत. दुपारी निंबाखाली तासभर आडवं होणंही नाही. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

लाड नकोत म्हणून काही जणी दुसऱ्या टोकाला जातात आणि स्वतःला बोल लावतात. शुगर निघालेली बाई महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळी खाते, मग म्हणते, "मी आहेच अशी, माह्याकडून काही होत नाही." आणि संध्याकाळी आणखी दोन खाते. आता बिघडलंच आहे तर बिघडू दे! २००७ साली अमेरिकेत क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. कॉलेजातल्या मुलींना आधी डोनट खायला दिला. त्यांतल्या काहींना सांगितलं, असं सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःवर फार कठोर होऊ नका. नंतर सगळ्यांपुढे गोड गोळ्या-चॉकलेटं ठेवली. एरवी खाण्यावर बंधन घालून मग अपराधी वाटून घेणाऱ्या मुलींपैकी ज्यांना हा दिलासा मिळाला होता, त्यांनी कमी खाल्लं. दिलाशानं त्या सैल सुटल्या नाहीत, सावरल्या.

क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ २००३ पासून यावर लिहीत आहेत. स्वतःशी मायेनं वागण्यात 'हे माझ्या एकटीचंच नाही' हे ओळखणंही येतं, असं त्या मांडतात. बचत गटात एकीनं तोंड उघडलं की चौघी बोलायला लागतात, ते मला यातलंच वाटतं.

आणि मुकाट सोसणं? त्यालाही आपण चांगुलपणा समजत आलो. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ते संशोधन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, आणि बाई निंदायला जातेच. दवाखान्यात जायला एक दिवसाची मजुरी बुडते हे खरं आहे, मी ते हलकं मानत नाही. पण लुगड्याच्या पदरात दुखणं बांधून ठेवलं तर पुढे मजुरी एका दिवसाची बुडत नाही.

परवा त्या वहिनी रस्त्यात भेटल्या, कमरेला ओटी बांधून वेचणीला निघाल्या होत्या. मी गोळ्यांचं विचारलं.

"दोन दिवस राह्यली होती."

"मंग?"

"मंग काय. थकली होती, झोपून गेली. तिसऱ्या दिवशी जेवन झाल्यावर घेतली."