गोळी म्हणजे नळ नव्हे, बोळा

गेल्या आठवड्यात मेडिकलमध्ये उभा होतो, पुढे साठीच्या आसपासचे एक काका. घडी घालून घालून मऊ झालेली चिठ्ठी त्यांनी पुढे केली, महिन्याची औषधं घेतली, पिशवी हातात आली तरी हलेनात, मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "आणि ती पन्नासची एक." पोराने काही न विचारता स्ट्रिपमधून कात्रीने एक चौकोन कापला आणि खाकी पाकिटात घालून दिला. पिशवीतल्या वरच्या स्ट्रिपवर मला आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट दिसलं, म्हणजे छातीत दुखू नये म्हणून घ्यायची हृदयाची गोळी, आमच्या बाबांना तीच चालू होती म्हणून लगेच ओळखली. मी काही बोलेपर्यंत काका रिक्षात बसले. खरं सांगायचं तर बोलायला वेळ होता, मलाच लाज वाटली. म्हणून आता हे लिहितोय.

ती पन्नासची म्हणजे सिल्डेनाफिल, ५० मिलिग्रॅम, पहिलं ब्रँडनेम व्हायाग्रा. इंग्लंडमधल्या सँडविच गावात फायझरच्या लॅबमध्ये हे औषध अँजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यासाठी तपासत होते. तिथे त्याने काही दिवे लावले नाहीत, पण चाचणीतले पुरुष वेगळंच काहीतरी सांगायला लागले आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत ताठरतेच्या त्रासावर त्याला मंजुरी मिळाली.

लोकांना वाटतं गोळी घेतली की आपोआप सगळं होतं. नाही होत, आणि का नाही होत हा मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

शिश्नात स्पंजसारखे दोन लांबट भाग असतात, त्यातले अनैच्छिक स्नायू एरवी आवळलेले, त्यामुळे रक्त जेमतेम येतं. मनात इच्छा जागली किंवा स्पर्श झाला की तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. हो, वायूच, गाडीच्या धुरात असतो तोच (लाफिंग गॅस वेगळा, तो नायट्रस). हा काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात स्नायूच्या पेशीत शिरून एका एन्झाइमला जागं करतो, ते एन्झाइम सायक्लिक जीएमपी नावाचा निरोप्या रेणू बनवायला लागतं, त्याच्यामुळे पेशीतलं कॅल्शियम कमी होतं, स्नायू सैल पडतो, रक्त आत येतं, स्पंज फुगतो आणि फुगलेला स्पंज बाहेरच्या शिरांना दाबून रक्ताची परतीची वाटच बंद करतो. नायट्रिक ऑक्साइड शरीरात निरोप पोचवतो या शोधाला त्याच १९९८ साली नोबेल मिळालं, फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना.

आता सायक्लिक जीएमपी कायम राहिला तर पंचाईत, म्हणून तो मोडायला पीडीई-५ नावाचं दुसरं एन्झाइम असतं. सिल्डेनाफिल या पीडीई-५ च्या खाचेत जाऊन बसतं. बास, एवढंच काम.

घरातली मोरी आठवा. नायट्रिक ऑक्साइड म्हणजे नळ, पीडीई-५ म्हणजे मोरीचं भोक, आणि गोळी म्हणजे भोकात कोंबलेला फडक्याचा बोळा. नळ बंद असेल तर बोळा कोंबून मोरी भरेल का? म्हणून गोळीने इच्छा येत नाही. डायबेटिसमध्ये मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं, म्हणजे नळालाच धार नसते, अशा लोकांना गुण कमी येतो तो याचमुळे.

आणि काकांच्या पिशवीतली नायट्रेटची गोळी? ती शरीरात नायट्रिक ऑक्साइडच सोडते, म्हणजे घरातले सगळे नळ एकदम सोडायचे आणि वर बोळा. रक्तवाहिन्या सगळीकडे सैल पडतात, बीपी धाडकन खाली येतं, हृदयालाच रक्त पुरत नाही, माणूस जाऊ शकतो. म्हणून रोज नायट्रेट घेणाऱ्याने ही गोळी घ्यायचीच नाही, अर्धीसुद्धा नाही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखं काही चालू असेल तरी डॉक्टरांना आधी सांगायचं, काही अँटिबायोटिक आणि फंगसच्या गोळ्यांनीही हिचा अंमल वाढतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मटणाचं भरपेट जेवण करून गोळी घ्यायची. तेलकट जेवणाने सिल्डेनाफिल तासभर उशिरा लागू पडतं, माणसाला वाटतं फुसकी निघाली, मग दुसरी घेतो आणि रात्री दोन्ही एकदम अंगावर येतात. २४ तासांत एकच, तीही डॉक्टरने ठरवलेल्या ताकदीची. डोकं दुखणं, चेहरा तापणं, नाक चोंदणं हे बऱ्याच जणांना होतं, कधी सगळं निळसर दिसतं कारण डोळ्याच्या पडद्यात पीडीई-६ हा भाऊबंद असतो, त्यालाही थोडा बोळा बसतो. पण ताठरता ४ तासांवर राहिली किंवा अचानक दिसेनासं, ऐकू येईनासं झालं तर थेट कॅज्युअल्टी.

आणि ते लोकलमधले 'गुप्तरोग' वाले स्टिकर! अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, स्टिकर तरी जोरात. 'हर्बल' म्हणून विकलेल्या कॅप्सूलमध्ये चोरून घातलेलं सिल्डेनाफिल अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, कितीतरी वेळा सापडलंय, म्हणजे नायट्रेटवाला माणूस जडीबुटी समजून तेच गिळतो आणि किती गिळलं हेही त्याला माहीत नसतं. र. धों. कर्वे १९२७ पासून मासिक काढून या विषयावर सरळ लिहीत होते, त्यांना कोर्टात खेचलं, आणि आपण अजून खाकी पाकिटात.

डॉक्टरकडे जायचं ते फक्त चिठ्ठीसाठी नाही. शिश्नाच्या धमन्या जेमतेम १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४, त्यामुळे चरबी साठली तर तक्रार बऱ्याचदा आधी खाली येते, छातीत नंतर. म्हणून शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल बघायचं.

गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर थांबायचं, घरातली सॉर्बिट्रेट (तीही नायट्रेटच) जिभेखाली ठेवायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि पहिलं वाक्य हेच, की मी अमुक गोळी अमुक वाजता घेतलीय. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिल या त्याच जातीच्या दुसऱ्या गोळीनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही, आणि न सांगितलं तर डॉक्टर नेमकं तेच देऊ शकतात.

काल मुद्दाम जाऊन त्या मेडिकलच्या पोराला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "विचारलं तर गिऱ्हाईक लाजतं ओ, पुढच्या वेळी समोरच्या दुकानात जातं."