पोटाचा टायर आणि क्रोमियमची गोळी

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींच्या गप्पा जरा कान देऊन ऐका. आधी राजकारण, मग द्राक्षाचा भाव, आणि तिसऱ्या राउंडला हमखास गोळ्या. ‘मी मॅग्नेशियम चालू केलंय, झोप झक्कास लागते आणि वजनपण उतरतं म्हणे.’ ‘आमच्या हिने क्रोमियम मागवलंय ऑनलाइन, गोड खावंसंच वाटत नाही.’ कोणी झिंक घेतंय, कोणी शिलाजीत, आणि ज्याला डॉक्टरांनी नुसतं ‘शुगर बॉर्डरला आहे’ एवढंच सांगितलंय तो तर चार-चार डब्या एकदम घेऊन बसलाय. डबीवर लिहिलेलं असतं मेटाबॉलिझम, ते वाचलं की आपल्याला वाटतं की आत कुठेतरी भट्टी आहे, तिच्यात हे खनिज टाकलं की चरबी धडाधड जळणार.

आता गंमत अशी की यातली बरीच खनिजं शरीरातल्या साखरेच्या आणि चरबीच्या कारभारात खरोखरच कामाला असतात, त्यामुळे जाहिरात शंभर टक्के खोटी आहे असंही म्हणता येत नाही. घोळ पुढच्या पायरीवर आहे. खनिज कामाला लागतं हे खरं, म्हणून ते जास्त घातलं की काम जास्त होईल हे मात्र खरं नाही. आणि ही गोष्ट निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला जितकी पक्की ठाऊक असते तितकी ट्रॅकवरच्या कोणालाच नसते. त्याच्याकडे येतो थोड्या वेळाने, आधी क्रोमियम, कारण वजनाच्या बाजारात सगळ्यात जास्त भाव त्याचाच.

क्रोमियमची कथा १९५९ साली उंदरांपासून सुरू झाली. अमेरिकेत क्लाउस श्वार्झ आणि वॉल्टर मर्ट्झ या दोघांनी दाखवलं की एका विशिष्ट खाण्यावर ठेवलेल्या उंदरांची साखर नीट पचत नाही आणि बिअरच्या यीस्टमधलं काहीतरी दिलं की सुधारते, त्या ‘काहीतरी’ला त्यांनी ग्लुकोज टॉलरन्स फॅक्टर असं नाव दिलं आणि त्यात क्रोमियम आहे असं सांगितलं. पुढे १९७० च्या दशकात, ज्या पेशंटांना महिनोन्महिने नुसतं शिरेतून अन्न दिलं जात होतं, त्यातल्या काहींची साखर बिघडली आणि सलाइनमध्ये क्रोमियम घातल्यावर ती सुधारली. झालं, क्रोमियम हे इन्सुलिनचा जोडीदार म्हणून नावारूपाला आलं, आणि मग क्रोमियम पिकोलिनेट नावाचा त्याचा जरा बरा शोषला जाणारा प्रकार डब्यांत भरून विकायला सुरुवात झाली, आधी बॉडीबिल्डरांना आणि मग सगळ्यांनाच.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने क्रोमियम पिकोलिनेट विकणाऱ्या कंपन्यांना चाप लावला, म्हणजे ‘चरबी घटते, स्नायू वाढतात’ हे दावे पुराव्याशिवाय करायचे नाहीत असा आदेश काढला. २०१३ मध्ये कोक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र करून तटस्थपणे तपासणारी ही मंडळी, जास्त वजनाच्या लोकांवरच्या ९ चाचण्या आणि ६२२ माणसं यांचा हिशोब मांडला. तीन-चार महिने क्रोमियम घेणाऱ्यांचं वजन खोट्या गोळीवाल्यांपेक्षा, म्हणजे तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा, जेमतेम १.१ किलोने जास्त उतरलं होतं. आणि तेही इतक्या कच्च्या पुराव्यावर की त्यांनी स्पष्ट लिहिलं, यावर भरवसा ठेवून कोणाला काही सांगता येणार नाही. एक किलो म्हणजे किती हो, सकाळी पाणी पिण्याआधी आणि रात्री जेवणानंतर काट्यावर उभे राहिलात तर एवढा फरक आपोआपच दिसतो. त्याच्या पुढची कडी म्हणजे २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं की क्रोमियम माणसाला आवश्यक आहे याचाच नीट पुरावा नाही, त्यामुळे रोज किती घ्यावं हा आकडाच आम्ही देत नाही. अमेरिकेत जुना आकडा आहे, पुरुषांना ३५ आणि बायकांना २५ मायक्रोग्रॅम. डबीतल्या एका गोळीत बहुतेक २०० असतात. आणि असंही थोडंफार क्रोमियम आपल्या घरात आहेच, स्टीलच्या भांड्यात क्रोमियम असतं आणि त्यात चिंचेची आमटी रटरट उकळली की किंचित उतरतंही. ते फुकट.

मॅग्नेशियमचं प्रकरण वेगळं आहे, इथे मी एवढं तोंडसुख घेणार नाही, कारण हे खनिज खरोखर मोठं आहे. शरीरातल्या तीनशेहून जास्त एन्झाइमांना ते लागतं. पेशी एटीपी नावाच्या ज्या इंधनावर चालतात तो एटीपी बहुतेक वेळा मॅग्नेशियमला चिकटूनच काम करतो, आणि इन्सुलिनने पेशीच्या दारावरची कडी वाजवल्यावर आत जो निरोप पोचवायचा असतो त्यातही मॅग्नेशियम लागतं. ज्यांची डायबेटिस कंट्रोलमध्ये नाही त्यांच्या लघवीतून मॅग्नेशियम जास्त वाहून जातं, मग कमतरतेमुळे इन्सुलिन अजून कमी ऐकलं जातं, साखर अजून चढते, असा चक्रव्यूह. ॲसिडिटीची ती सकाळची गोळी, म्हणजे पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल जातीची, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही मॅग्नेशियम घसरू शकतं, याबद्दल २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशाराच दिलाय. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या काही गोळ्यांनीही तेच होतं. अशा माणसाला मॅग्नेशियम दिलं तर साखरेत थोडी सुधारणा दिसते, हे चाचण्यांतून आलेलं आहे. पण वजन? सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिलं तर बीएमआयमध्ये, म्हणजे उंचीच्या हिशोबाने काढलेल्या वजनाच्या आकड्यात, फरक पडतो ०.२ च्या आसपास. साडेपाच फुटी माणसाच्या वजनात हे अर्धा-पाऊण किलो भरतं, बास.

शिवाय मॅग्नेशियम कमी आहे की नाही हे रक्तात बघून कळणं अवघड, कारण शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, ते बहुतेक हाडांत आणि पेशींच्या आत, रक्तात फिरतं ते १ टक्क्यापेक्षाही कमी. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल येऊनही आतली कोठी रिकामी असू शकते. आणि याचाच फायदा विकणारे घेतात, ‘टेस्टमध्ये दिसत नाही हो, पण तुम्हाला आहेच कमी’.

आता आमचा बागायतदार. एप्रिलची खरड छाटणी झाली की काडी तयार होताना एकदा, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली की पुन्हा एकदा, तो पानांची देठं खुडतो, पिशवीत भरतो आणि लॅबला देतो. देठ परीक्षणाचा रिपोर्ट हातात आला की मग ठरवतो मॅग्नेशियम सल्फेट सोडायचं का, झिंक फवारायचं का. जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी पडायला लागली की त्याला मॅग्नेशियमची शंका येते, पण शंका आली म्हणून लगेच पोतं फोडत नाही, कारण त्याला हेही माहितीये की पालाश, म्हणजे पोटॅश, भसाभस दिलं की त्यामुळेच वेलीला मॅग्नेशियम उचलता येत नाही, म्हणजे कमतरता मॅग्नेशियमची आणि दोष पालाशचा असंही निघू शकतं. आणि रिपोर्टमध्ये झिंक पुरेसं आलं तर अजून झिंक मारून घड मोठा होत नाही, पैसे जातात. जो घटक कमी तो उत्पादन अडवून धरतो, तो भरला की अडसर गेला, पुढे वाढ दुसऱ्या कशावर तरी अडते. हे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ लीबिगच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून शेतीत शिकवतात. शरीरालाही हे जसंच्या तसं लागू आहे. पण तोच बागायतदार पिंपळगावला मार्केटहून येताना मेव्हण्याच्या सांगण्यावरून स्वतःसाठी झिंक, सेलेनियम, क्रोमियम असा सगळा कॉम्बो उचलतो, देठ परीक्षण वगैरे काही नाही, बागेची काळजी स्वतःपेक्षा जास्त!

कमतरता खरी असेल तर खनिज काय चमत्कार करतं याचं उत्तम उदाहरण झिंकचंच आहे, आणि त्यामागचा माणूस आपल्याकडचा, बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद. ते १९५८ मध्ये इराणमधल्या शिराजला गेले, तिथे त्यांच्याकडे विशीतली मुलं आली जी दहा वर्षांच्या पोराएवढी दिसत होती, उंची खुंटलेली, वयात न आलेली. खाणं काय तर मुख्यतः न आंबवलेली गव्हाची रोटी. धान्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं जे झिंक आणि लोहाला असं घट्ट धरून ठेवतं की आतड्यात ते सुटतच नाही. माणसात झिंकची कमतरता होऊ शकते हेच तोवर कोणी मानत नव्हतं. पुढे झिंक दिल्यावर अशी मुलं वाढायला लागली, वयात आली. स्वादुपिंडात इन्सुलिन साठवतात तेही झिंकच्या आधाराने, सहा-सहा रेणूंचे गठ्ठे करून. म्हणून झिंक महत्त्वाचंच.

पण कोविडच्या काळात घराघरांत आलेली ५० मिलिग्रॅमची झिंकची गोळी अजून ‘असू दे, इम्युनिटीला चांगली’ म्हणून रोज घेणारे लोक आहेत, आणि मोठ्या माणसाची रोजची वरची मर्यादा आहे ४० मिलिग्रॅम. महिनोन्महिने जास्त झिंक घेतलं की आतड्यात तांब्याचं शोषण मार खातं, मग ॲनिमिया, पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं. लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही आणि कोणाला कारण सापडत नाही.

फायटेटवरचा उतारा मात्र नाशिककरांच्या ताटात कधीचाच आहे. मटकीला मोड आणले की दाण्यातलं फायटेज नावाचं एन्झाइम जागं होतं आणि फायटेट तोडायला लागतं, म्हणजे मिसळीतली मोडाची मटकी ही नुसत्या मटकीच्या उसळीपेक्षा झिंक-लोहाच्या बाबतीत सरस. (वरच्या तर्रीबद्दल मी काही बोललेलो नाही, आणि चौथ्या पावाबद्दलही नाही.) बाजरीची भाकरी आणि सोबत मूठभर शेंगदाणे घेतले तर त्या दाण्यांतूनच ५० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम मिळतं, बाजरीच्या शंभर ग्रॅम पिठात शंभराच्या वर. सुरगाणा-पेठकडची नागली, म्हणजे नाचणी, तर कॅल्शियममध्ये दुधाला ऐकत नाही, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास.

कॅल्शियमवरून आठवलं, त्याने वजन उतरतं ही पण एक लाट येऊन गेली. अमेरिकेत ३४० जास्त वजनाच्या लोकांना दोन वर्षं रोज १५०० मिलिग्रॅम देऊन बघितलं, २००९ मध्ये निकाल छापला, वजनावर परिणाम काहीही नाही. विषय संपला. सेलेनियमचं तर उलटंच झालं. कॅन्सरसाठी केलेल्या एका चाचणीत डायबेटिस नसलेल्या १२०२ जणांचा मागोवा घेतला, २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांत पुढे ५८ जणांना डायबेटिस झाला आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत ३९ जणांना. थायरॉइड ‘फास्ट’ करायला समुद्री शेवाळाच्या आयोडिनच्या गोळ्या घेणाऱ्यांना एवढंच सांगायचं की आयोडिन जास्त झालं तर थायरॉइड दोन्हीकडे बिघडू शकतं, वरही आणि खालीही, आणि आपल्या मिठाच्या पुडीत ते आधीच घातलेलं असतं.

बरं, टेस्ट करायची म्हटलं तरी ती कुठली हे बघा. सोसायटीच्या हॉलमध्ये फ्री हेल्थ कॅम्प लागतो, तिथे हातात एक धातूची दांडी धरायला देतात, मिनिटभरात लॅपटॉपमधून भलामोठा रंगीत रिपोर्ट निघतो, झिंक लो, सेलेनियम लो, क्रोमियम लो, आणि बाजूच्या टेबलावर नेमक्या त्याच गोळ्या मांडलेल्या असतात. दांडी धरून रक्तातलं झिंक मोजता येत नाही हो! रक्त काढावं लागतं. तिथे मुठीच्या घामाने आकडे बदलतात, एकाच माणसाला पाच मिनिटांनी परत बसवून बघा, दुसराच रिपोर्ट येईल.

घ्यायचंच असेल, म्हणजे डॉक्टरांनी खरंच सांगितलं असेल, तर डबीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सिट्रेट म्हणजे ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम नव्हे, त्यात खरं मॅग्नेशियम साधारण १६ टक्के, म्हणजे ८० मिलिग्रॅम. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये ६० टक्के असतं पण ते शोषलं कमी जातं आणि उरलेलं पोट साफ करतं, वजन उतरल्यासारखं वाटतं ते बऱ्याचदा यामुळेच. किडनीचा त्रास असलेल्यांनी तर मॅग्नेशियम स्वतःच्या मनाने घ्यायचंच नाही, बाहेर टाकायची वाटच अरुंद झालेली असते, ते साठतं आणि हृदयापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. आणि सप्लिमेंटच्या डबीवर ‘औषध म्हणून वापरासाठी नाही’ ही ओळ कायद्यानेच छापावी लागते, ती असतेच, इंग्रजीत, बारीक. ‘डायबेटिस रिव्हर्स’ मात्र मोठ्या टायपात.

सगळ्यात जास्त राग येतो तो एका साध्या गोष्टीचा, जी कोणी सांगतच नाही. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्या किती बायका आहेत आपल्याकडे, वजन वाढतंय म्हणून हैराण. त्यातली एखादी वजनासाठी म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह असलेली मल्टिमिनरल गोळी आणते आणि विसरायला नको म्हणून थायरॉइडच्या गोळीसोबतच एका घोटात घेऊन टाकते. ही खनिजं आतड्यात थायरॉइडच्या औषधाला धरून ठेवतात, औषध पुरतं शोषलं जात नाही, टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडतंय हे सांगणारा रक्तातला आकडा, चढतो, अंग जड होतं, वजन अजून वाढतं, आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टर डोस वाढवतात कारण त्या मल्टिमिनरलबद्दल त्यांना कोणी बोललेलंच नसतं. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायचं, थायरॉइडची सकाळी उठल्याउठल्या आणि खनिजाची दुपारच्या जेवणानंतर, आणि डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्यायच्या, ऑनलाइन मागवलेल्यासुद्धा.